गाडी पाहावी बसून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे जुनी माणसे सांगत आली. मोटार त्यांच्या हिशेबात नव्हती, म्हणून तिचे नाव त्या म्हणीत आले नाही. पण वाचकहो, तुमच्यापैकी काही घरांत कांद्याने, डाळिंबाने किंवा दुधाने चार पैसे शिल्लक टाकले असतील, आणि जेवताना कोणीतरी “आता चारचाकी घ्यायला हरकत नाही” असे बोलून गेले असेल. आमच्या घरी ते दिवाळीत बोलले गेले. पुढे पौषातल्या एका शनिवार-रविवारी आम्ही सोयऱ्यांच्या गाड्या बदलत बदलत पुणे-नाशिक रस्त्याने चाकणला जाऊन आलो. त्या फेरीत जे दिसले ते सांगतो. तुम्हाला गाडी घ्यायची नसली तरी रस्ता पाहण्यासारखा आहे, सोबत चला.

आमचे घर संगमनेर तालुक्याच्या पठारावर, घारगाव आणि बोट्याच्या मधे हमरस्ता सोडून आत. उत्तरेला चंदनापुरी घाट उतरला की संगमनेर, दक्षिणेला आळेफाटा. डांबरी जिथे संपते तिथून वस्तीपर्यंत चारशे पावलांची पाणंद आहे. माणसे सात : माझी आई, आम्ही दोघे, चिरंजीव, सूनबाई, नऊ वर्षांचा नातू आणि चार वर्षांची नात. आईच्या गुडघ्यांनी जवळजवळ रजा घेतली आहे. तिला महिन्यातून दोनदा संगमनेरला दवाखान्यात न्यावे लागते. गेल्या श्रावणात एका रात्री तिला छातीत दुखू लागले, तेव्हा शेजाऱ्याच्या पिकअपच्या हौद्यात गादी टाकून, वर ताडपत्री धरून नेली. पाऊस होता. त्या रात्री चिरंजीव ताडपत्रीचे एक टोक धरून उभा होता आणि घाट उतरेपर्यंत एक शब्द बोलला नाही. दिवाळीत गाडीचे नाव पहिल्यांदा त्यानेच काढले.

आता तुम्ही म्हणाल, पैसे असतील तर शोरूममध्ये जा आणि घ्या. गेलो होतो. तिथे गार हवा असते, चहा मिळतो, गाडीवर धूळ नसते. मुलगा चांगला बोलतो. त्याने आम्हाला छताची काचेची खिडकी उघडून दाखवली. आई म्हणाली, “बाबा, ऊन आमच्याकडं फुकट मिळतं.” मग चक्कर मारायला म्हणून त्याने चिरंजीवाला आणि मला दोघांनाच बसवले, चौपदरी रस्त्यावर दोन किलोमीटर नेले आणि परत आणले. आई, सौ. आणि सूनबाई काचेच्या आत सोफ्यावर बसून राहिल्या. गुळगुळीत रस्त्यावर, दोन माणसे बसवून कोणतीही नवी गाडी चांगलीच चालते. बैल बाजारात उभा असताना पाहून आपण घेत नाही. त्याला जुंपतो, चार पावले ओढायला लावतो, दात पाहतो. दहा-बारा लाखांच्या वस्तूला मात्र आपण रंग पाहून हो म्हणतो.

शोरूममध्ये आणखी एक शब्द कानावर पडला, तो म्हणजे क्रॉसओव्हर. तो एकदा समजून घ्या, कारण हल्ली विकल्या जाणाऱ्या बऱ्याच ‘जीपसारख्या’ गाड्या त्याच जातीच्या आहेत. महिंद्रांनी १९४७ साली या देशात विलीस जीप जोडायला सुरुवात केली. त्या जीपखाली शिडीसारखी जाड लोखंडी चौकट असे, तिलाच आपले मिस्त्री चासी म्हणतात. इंजिन, चाके आणि वरचा डबा हे सगळे त्या चासीवर बसवलेले. पुढे कमांडर, मार्शल, १९९४ साली आलेली टाटा सुमो, या सगळ्या त्याच घराण्यातल्या. आपल्या वाटांवर काळी-पिवळी होऊन धावल्या त्याही याच. सुमो २०१९ साली बंद झाली. क्रॉसओव्हरला वेगळी चासी नसते. तिचा तळ आणि डबा एकसंध पत्र्याचा, लहान मोटारीसारखा. फक्त उंची वाढवलेली, चाके मोठी आणि नाक जीपसारखे उभे. वजन कमी, त्यामुळे इंधन कमी लागते आणि बसायला मऊ. पण जीपचे नाक लावले म्हणून ती जीप होत नाही, एवढे लक्षात असू द्या. फरक पाहायचा तर बॉनेट उघडू नका, वाकून खाली पाहा.

तर आम्ही ठरवले ते असे. भावकीत चुलतभावाकडे बोलेरो आहे. सौ.च्या भावाकडे नारायणगावात एर्टिगा आहे. त्याचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, चाकणच्या कारखान्यात नोकरीला असून त्याच्याकडे नेक्सॉन आहे. एक जुन्या पद्धतीची, एक लांब घरगुती, एक क्रॉसओव्हर. शनिवारी बोलेरोने नारायणगावला जायचे, तिथून एर्टिगाने चाकणला. रात्री भाच्याकडे मुक्काम, रविवारी त्याच्या नेक्सॉनने घरी. भाच्याने एर्टिगा बापाकडे पोचवायची, आणि सोमवारी चिरंजीवाने नेक्सॉन नारायणगावी सोडून बोलेरो परत आणायची. सोयऱ्यांत हे चालते. तुमच्याही गोतावळ्यात हव्या त्या गाड्या निघतील. डिझेल-पेट्रोल भरून द्या, येताना गूळ नाहीतर डाळिंबाची पेटी द्या, कोणी नाही म्हणत नाही.

निघण्याआधी नातवाने एक चांगले काम केले. पाणंदीच्या मधोमध एक काळा दगड वर आलेला आहे, त्याला ट्रॅक्टर ओलांडून जातो म्हणून कोणी हात लावला नव्हता. नातवाने पट्टी लावून तो मोजला : २२ सेंटिमीटर. शोरूमवाले ज्याला ग्राउंड क्लिअरन्स म्हणतात, ती पोटाखालची मोकळीक बोलेरोची १८ सेंटिमीटर आणि नेक्सॉनची २०.८ सेंटिमीटर सांगतात. म्हणजे कागदावर दोन्हींना तो दगड लागणार. शिवाय सात माणसे बसली की गाडी आणखी खाली येते. शोरूममध्ये आम्ही त्या अडीच-तीन सेंटिमीटरवर अर्धा तास वाद घातला होता. बोलेरो आम्ही दगडाला बगल देऊन, एक चाक बांधावर चढवून काढली.

बोलेरोत चढताना आईला पाट लागला. एक पाय पाटावर, एक पायरीवर, वरच्या दांडीला हात आणि मागून सूनबाईचा आधार. एकदा बसली म्हणजे मात्र ऐटीत, सगळे शिवार दिसते. नात आजीजवळ मधे बसली. मागच्या आडव्या बाकांवर नातू आणि सूनबाई समोरासमोर. ही गाडी चार मीटरच्या आत आहे, सात माणसे घेते, मागच्या चाकांना जोर आहे आणि आमच्या फाट्यावरचा मिस्त्रीसुद्धा ती डोळे मिटून उघडतो. खतांच्या गोण्या टाका, तक्रार नाही. चिखलात भरलेली गाडी चढवायची असेल तर मागच्या चाकांचा जोर कामाला येतो, कारण वजन तिथेच असते. पण आडव्या बाकावर बसलेले माणूस वळणावर पुढेमागे न जाता बाजूला कलंडते, आणि पट्टा त्याला समोर तोंड करून बसलेल्या माणसासारखा धरू शकत नाही. बोट्यापासून आळेफाट्यापर्यंत सूनबाईचा एक हात दांडीला आणि एक नातवाच्या खांद्यावर होता. ही गोष्ट मी आरशात पाहत होतो. बोललो नाही.

आळेफाट्याला कल्याणहून नगरकडे जाणारा रस्ता आडवा छेदतो. चहाला थांबलो. इथे सगळ्या जातींच्या गाड्या उभ्या असतात आणि प्रत्येकाची मालकिणीसकट माहिती मिळते, फक्त विचारायला लाजू नका. एका भाजीवाल्या शेतकऱ्याने सांगितले, त्याची डिझेलची नवी गाडी रोज फक्त डेअरीपर्यंत दोन किलोमीटर जाते आणि वारंवार दिवा लागतो. याचे कारण तुम्हाला माहीत असावे. २०२० च्या एप्रिलपासून आलेल्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी चाळणी असते. गाडी लांब आणि जरा वेगात चालली की चाळणी तापून काजळी जळून जाते. रोज जवळच्या जवळ चालवली तर ती तुंबते. महिन्याला हजार-पाचशे किलोमीटरच होणार असतील तर डिझेलचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. डिझेलवर महाराष्ट्रात नोंदणीचा करही जास्त आहे : दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, डिझेलला १३. विजेच्या गाडीचा विचार आम्ही केला नाही. आमच्या वस्तीवरच्या विजेचा आम्हालाच भरवसा नाही.

कुकडी ओलांडून नारायणगाव. टोमॅटोचा बाजार म्हणून हे गाव तुम्हाला ठाऊक असेलच. हंगामात इथे क्रेटच्या थप्प्यांनी माणूस दिसत नाही. तमाशाच्या राहुट्याही इथेच लागतात आणि गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या इथून ठरतात. मीना नदीच्या काठी मेहुण्याचे घर. जेवण झाले, आणि एर्टिगा.

एर्टिगाला मी आजवर भाड्याची गाडी समजत होतो. आई आधी सीटवर बसली आणि मग तिने दोन्ही पाय आत घेतले, पाट लागला नाही. मधल्या रांगेतली सीट पुढे सरकवून मागे जायची वाट होते. सूनबाई आणि नातू मागच्या रांगेत, पण समोर तोंड करून, प्रत्येकाला आपला पट्टा. मधे आई, सौ. आणि नात. मागची रांग उभी असली की सामानाला जागा थोडीच उरते, दोन पिशव्या आणि आईची काठी. ही गाडी जवळजवळ ४.४ मीटर लांब आहे, म्हणून बाजारात वळवताना चिरंजीवाला घाम फुटला. आणि तिच्यात जीपचा रुबाब नाही, हे चिरंजीवाने तीनदा सांगितले.

मंचरपर्यंत बटाटा आणि कांदा दोन्ही बाजूंना. वाटेत कळंबला घोड नदी लागते. पुढे खेडच्या घाटाला आता वळणरस्ता झाला आहे, त्यामुळे पूर्वी मालट्रकांच्या मागे तासभर अडकायचो तसे अडकलो नाही. मग भीमेकाठचे राजगुरुनगर. हुतात्मा राजगुरूंचा जन्म १९०८ साली इथलाच. नातवाला वाडा दाखवायचा होता, पण आईला उतरणे-चढणे नको म्हणून पुन्हा कधीतरी असे ठरले. या पट्ट्यात मेहुण्याच्या सांगण्यावरून मी कराचा हिशेब मांडत होतो, तो तुम्हीही एकदा मांडा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरचा जी.एस.टी. बदलला. गाडी चार मीटरच्या आत असेल, आणि पेट्रोलचे इंजिन १२०० सी.सी.पर्यंत किंवा डिझेलचे १५०० सी.सी.पर्यंत असेल, तर १८ टक्के. यातली एकही अट मोडली की ४० टक्के. म्हणून बोलेरो १८ मध्ये बसते, नेक्सॉन १८ मध्ये बसते. एर्टिगा लांबीने आणि इंजिनाने दोन्हींकडून बाहेर, म्हणून ४०. मारुतीची ब्रेझा तर चार मीटरच्या आत असूनही १४६२ सी.सी.च्या पेट्रोल इंजिनामुळे ४० मध्ये जाते. रेनॉची ट्रायबर सात आसने घेऊन चार मीटरच्या आत आणि ९९९ सी.सी.ची, म्हणून १८ टक्क्यांत. तिच्यात सातवी सीट लावली की सामानाला ८४ लिटर जागा उरते, म्हणजे एक पिशवी. आणि एवढ्याशा इंजिनाने सात जणांना घेऊन चंदनापुरी चढायचा, हा विचार आम्ही केला. ज्यांचा घाट नाही, त्यांनी तिच्याकडे जरूर पाहावे.

हा कर शोरूमच्या किमतीत मुरलेला असतो. त्यावर नोंदणीचा कर, विमा (परक्याच्या नुकसानीचा तीन वर्षांचा एकदम भरावा लागतो), आणि गाडी दहा लाखांच्या वर गेली तर १ टक्का आयकरापोटी वेगळा घेतात. हा १ टक्का आयकराचे विवरणपत्र भरून परत मागता येतो. आपण शेतकरी, विवरणपत्राचा आणि आपला संबंध काय, असे म्हणून पुष्कळ जण तो सोडून देतात. सोडू नका. पाटीवरची किंमत आणि रस्त्यावर येईपर्यंतची किंमत यांत लाख-दीड लाखाचे अंतर सहज पडते, म्हणून दर विचारताना शेवटचा आकडाच लिहून मागा.

चाकण जवळ आले की रस्ता बदलतो. शेते मागे राहतात आणि गाड्या वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर लागतात, एकावर एक मोटारी लादलेले. महिंद्र, बजाज, फोक्सवॅगन, मर्सिडीज यांचे कारखाने या परिसरात आहेत. तळेगाव चौकात आमची एर्टिगा पाऊण तास जागची हलली नाही, आणि तिच्या चारही बाजूंना नव्या, नंबर न पडलेल्या गाड्या उभ्या होत्या. गाड्या बनवणाऱ्या गावात गाडी चालेना, हे पाहून नातू खूप हसला. याच चाकणला १६६० साली शाहिस्तेखानाने वेढा घातला होता आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी थोड्या लोकांनिशी किल्ला दोन महिने लढवला. संग्रामदुर्गाची तटबंदी अजून काही ठिकाणी उभी आहे. कांद्याचा मोठा बाजारही चाकणचाच. कारखाने येण्याआधी आमच्या वडिलांना हे गाव त्या बाजारामुळे माहीत होते, आणि ते इथे बैलगाडीने नव्हे तर कोणाच्या तरी ट्रकच्या टपावर बसून येत.

रात्री भाच्याकडे हप्त्याची गोष्ट निघाली. त्याला पगार आहे, महिन्याच्या महिन्याला हप्ता कापला जातो, त्याला काही वाटत नाही. आपल्याला पैसा वर्षातून दोनदा दिसतो. ८ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले तर महिना सुमारे १६,६०० रुपये हप्ता येतो आणि व्याज १ लाख ९६ हजार जाते. सात वर्षे केली की हप्ता १२,९०० च्या आसपास, पण व्याज २ लाख ८१ हजार. हप्ता हलका दिसतो तो फसवा. काही बँका आणि वित्तसंस्था शेतकऱ्याला पीक निघेल तसा सहामाही हप्ता बांधून देतात. विचारले नाही तर कोणी आपणहून सांगत नाही. आम्ही चार लाखांपेक्षा जास्त कर्ज काढायचे नाही असे त्या रात्री ठरवले, आणि सातबारा कुठल्याही कागदाला लावायचा नाही असे आईने ठरवले.

रविवारी सकाळी नेक्सॉन. ही पुणे जिल्ह्यातच, रांजणगावला बनते. आईने दार उघडले, पाठ फिरवली आणि बसली. चढायला नको, वाकायलाही नको, सीट बरोबर कमरेच्या उंचीवर. “ही आपल्या मापाची,” आई म्हणाली. क्रॉसओव्हरचा खरा गुण कोणता, तर हा. गुडघ्याच्या माणसाला तिच्यासारखी सोय नाही. शिवाय २०१८ साली परदेशी संस्थेच्या धडक चाचणीत पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी हीच. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या सरकारची भारत एनकॅप ही चाचणीही सुरू झाली आहे. तारे पाहताना मात्र नीट विचारा : कोणत्या वर्षीच्या, कोणत्या प्रकाराच्या गाडीला मिळाले? नाव तेच ठेवून आतले बदललेले असते. चिरंजीवाचे मन या गाडीवर बसले होते, आणि मला त्याला नाही म्हणावेसे वाटत नव्हते.

आसने पाच. गाडीपाशी आम्ही सात.

तेव्हा जे झाले ते मी तुम्हाला जसेच्या तसे सांगतो, कारण या सगळ्या फेरीत शिकण्यासारखे तेवढेच होते. कोणी काही ठरवले नाही. चिरंजीव चालवायला बसला. मी त्याच्या शेजारी बसलो. मागे आई, तिच्या दोन्ही अंगांना नातवंडे. सौ. आणि सूनबाईंनी आपल्या पिशव्या उचलल्या आणि त्या एस.टी. थांब्याकडे चालू लागल्या. “बोट्याला उतरतो, न्यायला या,” एवढेच सौ. म्हणाली. चिरंजीव म्हणाला, “जाऊ द्या, बायकांना अर्धे तिकीट आहे.” ते खरे आहे, मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना निम्मे भाडे पडते.

गाडी सुरेख चालली. गिअर हलका, धक्का नाही, आवाज नाही. नात मात्र आईसाठी रडू लागली. सूनबाईने तिला कधी मागे सोडलेली नव्हती. खेडपर्यंत ती रडत होती. आजीने मांडीवर घ्यायचे म्हटले, तर चिरंजीव म्हणाला, पट्टा काढायचा नाही. बरोबरच होते त्याचे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्रींसारखा माणूस मागच्या सीटवर पट्टा न लावल्याने गेला, गाडी महागातली असून. मांडीवरचे मूल तर धक्क्याला कोणाच्याच हातात राहत नाही. तेव्हा नात तिच्या जागीच रडली.

भीमेचा पूल गेल्यावर आई म्हणाली, “तू का नाही गेलास यष्टीनं?”

मी मागे वळून पाहिले.

“तुला काय झालंय? पाय धड आहेत. ती लेकरू रडतंय, तिची आय बशीत. गाडी आणली तर तिला रोजचंच यष्टीनं यायचं का?”

वाचकहो, खरे सांगतो, तोपर्यंत ते माझ्या डोक्यातही आले नव्हते. गाडीपाशी आम्ही सातजण उभे होतो आणि मी सरळ पुढचे दार उघडले होते. चिरंजीव काही बोलला नाही. मंचरला त्याने गाडी बाजूला घेतली, आम्ही थांब्यावर बसलो आणि चाकणहून येणाऱ्या दोन गाड्या सोडल्यावर तिसऱ्या बसमध्ये दोघी दिसल्या. दोघी उभ्याच होत्या. मी वर चढलो, सूनबाई खाली उतरली. माझे आणि सौ.चे पुढचे तिकीट कंडक्टरने फाडले, माझे पुरे आणि तिचे अर्धे. नारायणगावला जागा मिळाली. बऱ्याच वर्षांनी आम्ही दोघे शेजारी बसून एस.टी.ने गेलो. कुकडीच्या पुलावर सौ. म्हणाली, “देवळात नाहीतर लग्नाला जायचं म्हटलं की एक जण घरी राहायला लागतंच, जनावरं असतात. पण प्रत्येक वेळी तीच का राहते, हे कधी पाहिलं का?”

घरी आल्यावर सूनबाईकडून एक गोष्ट काढून घेतली, ती तुम्हीही करा. भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या आकड्यांशेजारी ती कोण कुठे गेले ते लिहिते. मागचे वर्षभर चाळले. सातही जण एकत्र बाहेर पडलो असे दिवस नऊ. चिरंजीव म्हणाला, नऊ दिवसांसाठी मोठी गाडी कशाला, त्या दिवशी भाड्याने आणू. हिशेबाने त्याचे बरोबर. मग नातवाने विचारले, आई किती वेळा गेली? दवाखान्याचे चोवीस दिवस आजी, मी आणि बाबा. बाजाराचे दिवस बाबा. सूनबाई, त्या नऊ दिवसांखेरीज, माहेरी दोनदा. तेही मोटारसायकलवर, नातीला पुढे टाकीवर बसवून.

आमच्याकडे गाडी अजून आलेली नाही आणि कोणती येईल हेही सांगत नाही, कारण वाद मिटलेला नाही. सात आसनांचीच घ्यायची आणि सातही आसने समोर तोंड केलेली असावीत, एवढे ठरले. त्यामुळे बोलेरो गेली, नेक्सॉनही गेली. आईला थोडे वाकावे लागेल, ते ती वाकणार आहे. एर्टिगाचे नाव पुढे आले तेव्हा चिरंजीवाने मोबाइलवर दाखवले की आफ्रिकेत विकायला इथे बनवलेल्या एर्टिगाला २०२४ च्या जुलैत त्या परदेशी चाचणीत मोठ्या माणसांसाठी एकच तारा पडला होता. जास्त ताऱ्यांच्या सात आसनी गाड्या आहेत, पण त्या आमच्या ऐपतीच्या पलीकडे जातात. मधल्या दरातल्या दोन गाड्या पाहायच्या राहिल्या आहेत. त्यांतली एक सौ.च्या मावसबहिणीच्या दिराकडे, ओतूरला आहे. यावेळी सूनबाई पुढे बसणार आहे, कारण तिने शिकाऊ परवाना काढला आहे आणि क्लच किती जड आहे हे तिला पाहायचे आहे.

दगडाचे मात्र काम झाले. अर्धा दिवस जे.सी.बी. लावला, तो काळा दगड काढला. निघाला तेव्हा दिसला त्याच्या चौपट होता. मग पाणंदीला सोळा ट्रॉल्या मुरूम टाकला. गाडीच्या खालच्या आणि वरच्या प्रकारात जो दराचा फरक असतो, त्यात हे काम कितीतरी वेळा झाले असते. मुरमाची कड आपल्या बांधावर आली म्हणून चुलतभाऊ दोन दिवस बोलत नव्हता. तिसऱ्या दिवशी तोच पाण्याचा टँकर घेऊन आला, म्हणाला, मुरूम भिजवून दाबला नाही तर पावसात वाहून जाईल. संध्याकाळी आई काठी टेकत पाणंदीच्या टोकापर्यंत गेली आणि डांबरीला हात लावून परत आली.